वाकड सोडून कसबा पेठेत

आमचं घर पुण्यालगतच्या वाकडला, अकराव्या मजल्यावर. दोन लिफ्ट, बाग, पोहण्याचा तलाव, तळघरात गाडीला हक्काची जागा. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. थोड्याच महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की इथे त्यांना एकही बाहेरचं काम आपलं आपण करता येत नाही. भाजी ॲपवरून येते. देवळात जायचं तर रिक्षा मोबाइलवरून बोलवायची, आणि ती आमच्यापैकीच कुणीतरी बोलवून द्यायची. चप्पल घालून सहज बाहेर पडावं तर समोर भरधाव रस्ता, आणि फूटपाथ मध्येच संपलेला. त्या तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "अगं, घर छानच आहे. पण खाली उतरलं की जायचं कुठे?"

त्यांचं माहेर जुन्या पुण्यातल्या शनिवार पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्यात त्यांच्या वडिलांचं बिऱ्हाड वाहून गेलं. त्या तेव्हा नुकत्या शाळेत जायला लागल्या होत्या. पुढे गोखलेनगर, मग लग्न होऊन चिंचवड. पेठेत परत राहायला जावं असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मंडईचा किंवा तांबडी जोगेश्वरीचा विषय निघाला की तासभर बोलत राहायच्या.

नवऱ्याचं ऑफिस येरवड्याला. रोजच्या वाहतुकीत तो पार थकून यायचा. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मेट्रोचा सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानकं ऐन जुन्या शहरात उघडली, आणि आमचा हिशेब बदलला. कसब्यातून बसायचं, सिव्हिल कोर्टला मार्ग बदलायचा आणि येरवड्याला उतरायचं. आम्ही ठरवलं, की वाकडचं घर भाड्यानं द्यायचं आणि पेठेत भाड्यानं राहून बघायचं. विकत घेण्याचा विचार डोक्यातही आणला नाही, आणि पेठेच्या प्रेमात पडलेल्या कुणालाही माझं हेच सांगणं राहील. चारी ऋतू तिथे काढल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

घर शोधताना वेबसाइटचा फारसा उपयोग झाला नाही. पेठेतली जागा तोंडी कळते. इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, देवळातले पुजारी यांच्याकडून. "वरच्या आळीत एक जागा रिकामी आहे, पण मालक माणूस बघून देतात," अशा निरोपांवर आम्ही हिंडलो.

पहिल्यांदा पाहिला तो शनिवारवाड्याजवळचा एक वाडा. दिंडी दरवाजा, आत देवडी, मधे फरसबंद चौक, सागवानी खांब, माडीवरच्या दोन खोल्या. सासूबाई चौकात उभ्या राहून वर बघतच राहिल्या. पण जिना इतका उभा, की दोर धरून चढावं लागे. शौचालय खाली कोपऱ्यात, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून. माडीच्या तुळईला लोखंडी टेकू लावलेले. पावसाळ्याच्या तोंडी महापालिका धोकादायक घरांना नोटिसा देते, तशी एक नोटीस देवडीतल्या भिंतीवर चिकटवलेली होती. आणि निम्म्याहून जास्त खोल्यांना कुलूप.

असं का, हे मला तिथल्या एका भाडेकरू आजींनी समजावून सांगितलं. जुन्या भाडेकरूंचं भाडं महिन्याला काही रुपये. मालकांचे वारस वाढत गेले, कुणी बंगळूरला, कुणी परदेशात. भाड्यातून डागडुजीचा खर्च निघत नाही, म्हणून मालक हात लावत नाही. भाडेकरू स्वतः दुरुस्ती करत नाही, कारण घर त्याचं नाही. आणि जागा सोडतही नाही, कारण सोडली तर हक्क गेला. त्यावर आणखी एक गोष्ट. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनं अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी आली. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये करायचं तर परवानगी लागते. म्हणजे भोवतालच्या वाड्यात सगळे वारस आणि सगळे भाडेकरू एका विचाराचे झाले, बिल्डर मिळाला, पैसे जमले, तरी वाडा पाडून तिथे नवी इमारत उभी राहू शकत नाही. दुरुस्ती करता येते, तीही परवानगी घेऊन. सागवान वाळवीनं पोखरलं असेल तर दुरुस्ती कुठवर करणार?

स्मारक राखलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. १७३२ मध्ये बांधून झालेला आणि १८२८ च्या आगीत जळालेला तो वाडा, त्याचा दिल्ली दरवाजा आणि तट आपल्या नातवंडांनाही दिसले पाहिजेत. पण त्या तटासमोर पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं टेकूखाली झोपतात, हे त्या राखण्याचं मोल असता कामा नये. उंचीची मर्यादा घाला, दर्शनी भाग जुन्या धर्तीचा ठेवायला लावा, पण माणसाला सुरक्षित छप्पर बांधू द्या. पेठेत राहण्याच्या तोट्यांबद्दल विचारलं की लोक पार्किंग म्हणतात. माझ्या यादीत टेकूवर उभे असलेले हे वाडे सर्वांत वर आहेत.

ती जागा अर्थातच घेतली नाही. मग एक तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली पाहिली. एक लक्ष्मी रस्त्यालगतची. घर सुरेख, गच्ची मोठी, पण मालकीणबाईंनीच प्रामाणिकपणे सांगितलं, की विसर्जनाला खिडक्यांच्या काचा थरथरतात. शेवटी मिळालं ते कसबा पेठेत, तांबट आळीपासून चालत पाच मिनिटांवर. वाडा पाडून बांधलेली, पंचवीसएक वर्षांची इमारत, पहिला मजला, तीन माणसं उभी राहतील एवढी लिफ्ट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजारच्या इमारतींना चिकटलेल्या, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो.

मालक काका वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांनी आमची रीतसर परीक्षा घेतली. मूळ गाव कुठलं, घरात माणसं किती, शिकवण्या वगैरे घेणार का, पाहुण्यांचा राबता किती. मग त्यांच्या अटी. "पाणी सकाळी येतं, टाकी भरते. नळ उघडा टाकून गावाला गेलात तर खालच्यांच्या घरात तळं. दुचाक्या दोन ठेवा. चारचाकीचं नाव काढू नका." त्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही नू. म. वि.चे का हो?" निघाले. सासूबाईंचे भाऊ त्याच शाळेत होते. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं नुसते ऐकत बसलो, आणि जागा मिळाली.

करारनाम्याबाबत काका फार काटेकोर होते, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी वाड्यातल्या खोल्या भाड्यानं दिल्या, त्या परत मिळवायला एक पिढी गेली. आता १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली लिव्ह अँड लायसन्स करार होतो. मुदत संपली की जागा रिकामी करून द्यावीच लागते, नाहीतर दुप्पट दरानं भरपाई. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामत रकमेवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याजही मोजतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट यंत्र घेऊन घरीच आला, सगळ्यांचे अंगठे घेतले, काम अर्ध्या तासात झालं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तीही दिली. पेठेतल्या कितीतरी बंद खोल्या आजही मालक भीतीपोटी भाड्यानं देत नाहीत. त्यांना काकांसारख्या कुणीतरी हे समजावून सांगायला हवं.

सामान हलवणं हा एक वेगळाच उद्योग. मोठा ट्रक आमच्या गल्लीत वळूच शकत नाही. छोट्या टेम्पोच्या खेपा, त्याही पहाटे, दुकानं उघडायच्या आत. कपाट जिन्यातून वळेना, लिफ्टमध्ये मावेना. शेवटी दोरानं बाल्कनीतून वर घेतलं, आणि त्या कामाला न बोलावता गल्लीतली चार माणसं आली. सोफा वाकडलाच ठेवून आलो. पेठेतलं घर घेताना आधी जिन्याची रुंदी मोजावी, मग खोल्यांची.

पहिल्या आठवड्यापासून सासूबाई बदलल्या, आणि हे मी अगदी जबाबदारीनं लिहिते आहे. सकाळी कसबा गणपती. तिथून येताना फुलं, दूध, कधी ताजी कोथिंबीर. दोन दिवसांआड मंडई. महात्मा फुले मंडईची ती दगडी, अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८० च्या दशकातली, तेव्हाचं नाव रे मार्केट. सासूबाई तिच्यात शिरल्या की ओळखीच्या गाळ्यावर बसून घेतात, मटार सोलता सोलता भाव करतात आणि चहा पिऊन परत येतात. जाताना चालत, येताना पिशवी जड झाली तर रिक्षा, आणि ती रिक्षा त्या स्वतः हात करून थांबवतात. चष्म्याची काडी तुटली, घड्याळाचा सेल गेला, पितळी डब्याला कल्हई करायची, ब्लाउज उसवायचा, सगळी माणसं हाकेच्या अंतरावर. वाकडला या प्रत्येक कामासाठी त्या शनिवार-रविवारची, म्हणजे आमच्या सुट्टीची वाट बघायच्या. त्यांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं होतं. आता वेगळं चालायला जावंच लागत नाही.

मुलीचंही तसंच झालं. ती हुजूरपागा शाळेत जायला लागली, मैत्रिणींबरोबर पायी. वाकडला तिचा सगळा वेळ बसमध्ये आणि क्लासला पोहोचवण्या-आणण्यात जाई. इथे तिला तिच्या वयाच्या मानानं खूप मोकळीक मिळाली, कारण रस्त्यावर सतत डोळे असतात. एकदा ती अप्पा बळवंत चौकात पुस्तकं बघत रमली, आणि ती घरी पोहोचायच्या आत दोघांनी मला सांगितलं की ती तिथे आहे. हे काहींना जाचक वाटेल. सोळा-सतराव्या वर्षी तिलाही वाटेल. आत्ता मात्र मला याचा आधार वाटतो.

माझं स्वतःचं गणित तितकं सरळ नाही. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते, मला शांतता लागते. सकाळी नऊ-दहापासून तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकेक ठोका मारत माठारकाम चालतं. पेशवाईपासून तिथे वसलेली ही मंडळी, आता हातावर मोजण्याइतकी घरं उरलीत. त्या आवाजाची मला सवय झाली, आणि तो थांबला तर वाईट वाटेल. पण दुचाक्यांचे हॉर्न, गल्लीत उलटे शिरणारे टेम्पो, रात्री साडेअकराला कट्ट्यावर रंगणाऱ्या गप्पा यांची सवय होत नाही. पुढच्या खिडकीला आम्ही स्वखर्चानं दुहेरी काच बसवून घेतली. त्यानं बराच फरक पडला, पण उन्हाळ्यात ती उघडल्याशिवाय घरात हवा खेळत नाही, कारण बाजूला खिडकीच नाही.

बाकी त्रास सांगून टाकते. घुशी आहेत. जुन्या गटारांतून येतात, स्वयंपाकघराच्या मोरीला जाळी लावूनच घ्यावी. कपड्यांवर काळी धूळ बसते. गाडी आम्ही आधी दिरांकडे सिंहगड रस्त्याला ठेवली. गाडी काढायलाच आधी रिक्षानं जायचं, असं चाललं होतं. मग विकून टाकली. गावाला जायचं तर भाड्यानं घेतो. ज्यांचं काम रोज चारचाकीशिवाय होत नाही, त्यांनी या पेठांत राहायला येऊ नये, एवढं स्पष्ट सांगते. एकेरी रस्ते असे आहेत, की समोर दिसणाऱ्या दुकानात गाडीनं जायचं तर अर्धं गाव फिरून यावं लागतं. चालणाऱ्याला तेच दुकान दोन मिनिटांवर.

आणि गणपती. गणपतीच्या महिना-दीड महिना आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तेव्हापासून संध्याकाळ त्यांची. मानाचा पहिला गणपती आमचाच, त्यामुळे कसब्याला त्या दहा दिवसांत वेगळंच तेज चढतं. सकाळची आरती, रांगोळ्या, घराघरातून येणारे नैवेद्य. सासूबाईंनी पासष्ट वर्षांनी पुन्हा प्रतिष्ठापनेची मिरवणूक उंबऱ्यात उभं राहून पाहिली. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला वाकडला कितीही पैसे खर्चून देता आलं नसतं.

पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मंडळाचा मांडव पडला, त्याचे स्पीकर थेट आमच्या खिडकीकडे. कायदा सांगतो, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. प्रत्यक्षात भिंतीला हात लावला तर ती हलते आहे असं वाटे. मी आणि वरच्या मजल्यावरच्या काकू जाऊन मंडळाच्या मुलांशी बोललो. त्यांनी स्पीकरचं तोंड फिरवलं, आवाज थोडा उतरवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा होता तसाच.

त्याच दिवसांत एका रात्री सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. रक्तदाब खाली गेला. रुग्णवाहिका बोलावली, पण मांडव आणि दुचाक्या यांच्यामुळे ती गल्लीत येऊ शकली नाही, चौकातच थांबली. मी घाबरले होते. नवऱ्यानं खाली जाऊन हाक मारली आणि त्याच मंडळाची मुलं धावत आली. लिफ्टमध्ये खुर्ची आडवी मावेना, म्हणून त्यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. दोघं पुढे गर्दी बाजूला करत गेले, गाणं त्यांनी आधीच बंद केलं होतं. काही मिनिटांत त्या रुग्णवाहिकेत होत्या आणि पुढच्या काही मिनिटांत रुग्णालयात. कसब्यापासून कमला नेहरू, केईएम, सगळं जवळ. वाकडला रुग्णवाहिका दारापर्यंत आली असती हे खरं. पण शेजारच्या फ्लॅटमधलं कोण उठून आलं असतं, हे मला सांगता येत नाही, कारण तिथे सात वर्षं राहून त्यांची नावं मला ठाऊक नव्हती.

सासूबाई दोन दिवसांत घरी आल्या. मुलं विचारपूस करायला आली तेव्हा त्यांनी त्यांना चहा दिला आणि समोर बसवून सांगितलं, "बाळांनो, तुम्ही मला उचललंत, तुमचं भलं होईल. पण तो आवाज मला छातीत लागतो रे." उरलेले दिवस रात्री दहाला स्पीकर बंद होत होता. विसर्जनाला मात्र आम्ही साताऱ्याला मावससासूबाईंकडे गेलो, आणि दरवर्षी जाणार आहोत. मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू असते. घरात वयस्कर माणूस किंवा तान्हं मूल असेल तर त्या दोन दिवसांसाठी बाहेरची सोय हवीच. ती सोय नसेल तर मिरवणुकीच्या वाटेपासून दूरची गल्ली निवडावी. शंभर पावलांनीही फरक पडतो.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि नदीकाठचा रस्ता बंद होतो. आमच्या इमारतीपर्यंत पाणी येत नाही. तरीही त्या दिवशी सासूबाई रेडिओ लावून बसतात आणि किती क्युसेक सोडलं ते लिहून ठेवतात. घर घेताना घराबद्दल त्यांनी काकांना सगळ्यांत आधी विचारलेला प्रश्न हाच होता, की एकसष्टला इथे पाणी कुठवर आलं होतं. पेठेत घर बघणाऱ्या प्रत्येकानं तो विचारावा. जुन्या रहिवाशांना उत्तर माहीत असतं.

पहिला करार संपत आला तेव्हा आम्ही घरात मतं घेतली. सासूबाई आणि मुलगी, राहायचं. नवरा, मेट्रो आहे तोवर राहायचं. मी म्हटलं, मला कामाला शांत जागा मिळाली तर राहायचं. नदीपलीकडे डेक्कनजवळ एका अभ्यासिकेत महिन्याच्या फीवर टेबल मिळालं. दुपारचे चार तास मी तिथे जाते, पायी. करार छत्तीस महिन्यांचा केला. वाकडच्या भाड्यातून इथलं भाडं निघतं आणि गाडीचा खर्च वाचतो, तो वर.

मधल्या काळात मी त्या पहिल्या वाड्यातल्या आजींकडे जात-येत राहिले. त्यांच्या भागातल्या रहिवाशांना १०० मीटरच्या अटीत सवलत हवी आहे, आणि त्यासाठी निवेदनं द्यायची तर ती नीट भाषेत लिहून देणारं कुणी त्यांना हवं होतं. ते काम मी घेतलं आहे. प्रत्येक घराची अवस्था, किती माणसं राहतात, त्यात किती वयस्कर, नोटीस आली का, दुरुस्तीचा अर्ज कधी केला, याची नोंद आम्ही घरोघर जाऊन करतो आहोत. निम्मी आळी झाली आहे. उरलेली पावसाळ्याआधी करायची आहे.